डावीकडे रस्ता, उजवीकडे घर

आमच्या ह्यांनी जन्मभर माणसं पाठमोरी पाहिली. केस कापण्याच्या धंद्यात तसंच असतं. गिऱ्हाईक खुर्चीत, तुम्ही त्याच्या मागे. हाताखाली त्याची मान, आणि तोंड समोरच्या आरशात. सगळी उमर अशी काढल्यावर माणसाचं काय होतं ते मला विचारा. रस्त्यात रोजचं गिऱ्हाईक समोरून आलं तर हे ओळखत नाहीत. तो बिचारा हसून पुढे जातो, मग ह्यांना त्याची मान दिसते आणि हे म्हणतात, "अगं, हे तर पोस्टातले."

बोलायचंही तसंच. समोरासमोर बसले की मूग गिळून बसतात. लग्नाआधी आम्हाला दोघांना तासभर एका खोलीत बसवलं होतं, तेव्हा हे बोलतील तर शपथ. मी घरी जाऊन आईला सांगितलं, की माणूस मुका आहे, मला नको. मग चार दिवसांनी माझ्या धाकट्या भावाचे केस कापायला म्हणून मी मुद्दाम दुकानात गेले आणि मागच्या बाकावर बसले. ह्यांनी भावाच्या मानेवर कात्री चालवत आरशात माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही हसलात की डाव्या गालाला खळी पडते. त्या दिवशी सांगायचं राहिलं." डाव्या नाही, उजव्या गालाला पडते. आरशात ती डावी दिसते. पण मी काही सुधारलं नाही, होकार दिला.

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात ना, आमच्या ह्यांना काकणालाही आरसा लागतो.

आमचं दुकान लांबट आहे. एका लांब भिंतीला आरसा, त्याच्यापुढे दोन खुर्च्या. आरशाकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला रस्त्याचं दार, उजव्या हाताला आमच्या घरात जायचं दार. ह्यांना डावं-उजवं असं कधी सांगता येतच नाही. पाहुण्यांना पत्ता सांगतानासुद्धा म्हणतात, "चौकात आलात की घराकडच्या हाताला वळा." लोक बिचारे कुणाच्या घराकडे, ते शोधत फिरतात. मागच्या भिंतीशी बाक, आणि बाकाच्या बाजूला उंच स्टुलावर झाड. हे झाड आरशासमोर येतं, म्हणजे ह्यांच्या पाठीमागे. दिवसभर त्यांना ते दिसतं, पण आरशात.

कुंडीतल्या बुटक्या झाडांचं, बोन्सायचं, वेड लावलं ते रोपवाटिकेवाल्या काकांनी. ते केस कापायला यायचे आणि येताना एखादं खुरटलेलं, कुणी न घेतलेलं रोप घेऊन यायचे. "तुमच्या हातात कात्री आहे, नजर आहे. याला जरा माणसात आणा," असं म्हणायचे. मग त्यांनी एकेक वळण शिकवलं. ताठ म्हणजे खोड ओळंब्यात, शेंडा बरोबर मुळावर. कललेलं म्हणजे खोड एका अंगाला झुकलेलं, पण दुसऱ्या अंगाची मुळं मातीला घट्ट धरून असली पाहिजेत, नाहीतर ते कललेलं नाही, पडलेलं. झाडू म्हणजे सरळ दांडा आणि वर सगळ्या बाजूंनी फुललेल्या बारीक काड्या. कड्यावरचं म्हणजे कुंडीच्या काठावरून खाली लोंबणारं. ते कितीही खाली जाऊ दे, अगदी शेवटचं टोक मात्र वर उजेडाकडे वळलेलं हवं. आणि वाऱ्याचं. वाऱ्याच्या झाडाच्या सगळ्या फांद्या एकाच दिशेला जातात, समुद्रकाठी आयुष्यभर वारा खाल्ल्यासारख्या. एक डहाळी जरी उलट गेली तरी सगळा वारा खोटा पडतो, असं काका सांगायचे.

झालं. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे झाड समजून बघायला लागले. बँकेचे साहेब ताठ. शाळेतले मास्तर झाडू, त्यांच्या केसांमुळे. औषधवाले कललेले, कारण त्यांचं सगळं वजन बायकोच्या बाजूला. कुणाचं नाव आमच्या घरात कुणी घेतच नाही. "आज कड्यावरचे आले होते," म्हटलं की मला कळतं, पेन्शनवाले आजोबा, खुर्चीतून घसरत घसरत झोपतात ते. एकदा मी विचारलं, "आणि मी कोणतं?" हे आरशात म्हणाले, "दगडावरचं." म्हणजे मुळांनी दगडाला मिठी मारून वाढतं ते. मी म्हटलं, "दगड कोण?" तर हातातल्या फणीनं आरशातल्या स्वतःकडे दाखवलं. असा माणूस आहे. रागावायचं तरी कसं.

लेकीलाही आम्ही फणी म्हणतो. रांगायची तेव्हापासून तिच्या मुठीत एक तुटकी फणी असायची, तेच नाव पडलं. जरा मोठी झाल्यावर खोक्यावर चढून बापाशेजारी उभी राहायला लागली, आणि बाप जसा आरशात बघून कात्री चालवतो तशी हवेत बोटं चालवायला लागली. पुढे खरीच शिकली. हात ह्यांच्यासारखाच हलका. तिनंही एकदा विचारलं होतं, "बाबा, मी कोणतं झाड?" हे म्हणाले, "तुला अजून तार लावायची नाही."

तारेचं असं असतं, की फांदीला वळण द्यायला तार गुंडाळतात, आणि फांदी जाड व्हायच्या आत काढतात. वेळेत नाही काढली तर ती खोडात रुतते आणि व्रण कायमचा राहतो. ह्यांनी झाडाची एकही तार कधी रुतू दिली नाही. शब्दाची एक दिली.

फणीचं शिक्षण संपलं त्या दुपारची गोष्ट. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी बाकावर टॉवेलांच्या घड्या घालत होते, हे वस्तरा पुसत होते. फणी आली ती सरळ ह्यांच्या आणि आरशाच्या मधे जाऊन उभी राहिली, ह्यांच्या तोंडासमोर, आणि म्हणाली, "बाबा, मी बाहेर कुठं जात नाही. इथंच काम करू तुमच्याबरोबर? दुसरी खुर्ची रिकामीच आहे." पोरीनं किती दिवस मनात घोळवलं असेल ते. मी घड्या घालायची थांबले. हे तिच्याकडे बघत राहिले, मग खाली बघितलं, आणि म्हणाले, "बघू."

आता आमच्या घरात बघू म्हणजे काय ते फणीला लहानपणापासून पाठ होतं. सायकल हवी? बघू. मैत्रिणीकडे राहायला जाऊ? बघू. हे बघू माझं, आईचं, आणि त्याचा अर्थ "नाही" असा. कुठल्या आईचं बघू वेगळं असतं? पोरीनं मान हलवली, आत गेली, आणि महिन्याभरात लांबच्या शहरातल्या एका मोठ्या सलूनमध्ये नोकरी धरली. भांडण नाही, रडारड नाही. फोन यायचा, मलाच. "बाबा कसे आहेत?" "बरे आहेत." दुसरी खुर्ची रिकामीच राहिली, आणि ह्यांनी त्या खुर्चीचं कातडं पुसायचं मात्र एक दिवस सोडलं नाही.

त्याच सुमारास ह्यांनी ते स्टुलावरचं झाड, जुनिपर, आणलं. त्याचं वाऱ्याचं झाड करायला घेतलं आणि वर्षानुवर्षं करत राहिले. पद्धत अशी, की स्टुलापाशी जायचं, फांदी जराशी वाकवायची, मग खुर्चीच्या मागे आपल्या जागेवर येऊन आरशात बघायचं. "बघू," असं स्वतःशीच म्हणायचं. पुन्हा स्टुलापाशी जायचं. माझं डोकं उठायचं. मी म्हणायचे, "अहो, झाड तिकडे आहे, तुम्ही इकडे काय शोधताय?" पण आरशात ते जमून येत होतं खरं. सगळ्या फांद्या रस्त्याच्या दाराकडून घराच्या दाराकडे निघालेल्या.

दुपारी तीनच्या सुमाराला ऊन दारातून आत येतं आणि आरशाच्या खालच्या पट्टीवर पसरतं. त्या वेळी गिऱ्हाईक नसतं. मी बाकावर भिंतीला टेकून डोळे अर्धे मिटून आरशात बघत बसायचे. आरशातल्या दुकानात सगळं आमच्यासारखंच, पण जरा जास्त स्वच्छ, जरा जास्त शांत. तिथलं झाड मोठं वाटायचं. बघता बघता ते खरंच मोठं व्हायचं, त्याच्या खाली जागा व्हायची, वाट व्हायची. वारा नसायचा, तरी सगळी फांदीन् फांदी आमच्या घराच्या दाराकडे वाहत असायची. त्या झाडाखालून मी कितीदा चालले असेन. कधी तर वाटायचं, आपण बाकावर नाहीच, आपण त्या तिकडच्या गावातच राहतो, आणि इकडे कुणीतरी बाई आपल्याला बघत बसली आहे. पायाखाली पानं नसायची, आवाज नसायचा. दूरवर रस्त्याच्या टोकाला कुणीतरी येताना दिसायचं, वाऱ्याला पाठ देऊन, केस पुढे उडालेले. तोंड दिसायच्या आत ह्यांची कात्री वाजायची आणि मी जागी व्हायचे. गालावर बाकाच्या फळीचा वळ उठलेला असायचा.

कोण येत होतं ते मला ठाऊक होतं. ह्यांनाही ठाऊक होतं. पण ताकास तूर लागू देतील तर ना.

मग हात थरथरायला लागले. आधी मला कळू दिलं नाही. "दाढीचं पाणी गरम नाही," म्हणून एका गिऱ्हाइकाला परत पाठवलं. "वस्तऱ्याला धार नाही," म्हणून दुसऱ्याला. माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत. एक दिवस बघितलं तर हे चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पीत होते, आणि आरशात माझी नजर दिसल्यावर कप खाली ठेवला. हळूहळू नुसते केसच राहिले, तेही म्हाताऱ्यांचे, ज्यांना घाई नाही आणि फारसे केसही नाहीत. शेजारच्या चपलांच्या दुकानदारानं येऊन जागा मागितली. त्याला दुकान वाढवायचं होतं. माणूस वाईट नाही, म्हणाला, "घाई नाही, पण काय ते सांगा."

हे म्हणाले, "एवढं झाडांचं प्रदर्शन होऊ दे, आपलं वाऱ्याचं ठेवतोय तिथं. मग कुलूप लावू."

त्या दिवशी मी ह्यांची बिनपाण्यानं केली. म्हटलं, "कुलूप लावाल, आणि पोरीला एकदा तोंडानं सांगाल का, की ये म्हणून? की तेही झाडच सांगणार आहे? भीड भिकेची बहीण असते, कळलं? तुमच्या मनात काय आहे ते तिला कसं कळावं? तिला वाटतंय, बापाला ती दुकानात नको होती."

हे वळले. समोर मी. तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "बघू."

मी कपाळावर हात मारला आणि आत जाऊन फणीला फोन लावला. "बाबांचं झाड प्रदर्शनात ठेवतायत. ये." ती म्हणाली, "बाबांनी बोलवलंय?" म्हटलं, "ते कुणाला बोलवतात का कधी?" तिच्या मागे सलूनमधली यंत्रं घुरघुरत होती. मग म्हणाली, "बघू, आई." माझंच नाणं माझ्या हातावर ठेवलं पोरीनं.

प्रदर्शन नगरपालिकेच्या सभागृहात होतं. लांब टेबलं, पांढरे कपडे, प्रत्येक झाडाच्या मागे साधा कागदाचा पडदा. हे आदल्या दिवशी स्वतःचे केस स्वतःच कापून बसले होते, मागून वाकडे झाले होते, पण मी बोलले नाही. सकाळी झाड मांडून झालं. मांडणाऱ्या बाईंनी विचारलं, "याची दर्शनी बाजू कोणती?" प्रत्येक झाडाला एक दर्शनी बाजू असते, बघणाऱ्यानं जिथून बघायचं ती. ह्यांनी दाखवली, जी बाजू दुकानात आरशाकडे असायची ती. बाईंनी ती लोकांकडे केली आणि गेल्या.

हे समोर येऊन उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. डाव्या बाजूला जाऊन बघितलं, उजव्या बाजूला जाऊन बघितलं. पुन्हा समोर आले. म्हणाले, "हे आपलं झाड नाही."

"अहो, असं काय करता? कुंडी तीच जुनी, टवका उडालाय तो तुमच्या लेकीनंच लहानपणी उडवलाय. आपलंच आहे."

"उलटं आहे. हे बाहेर चाललंय." त्यांनी डावा हात उचलला. तो थरथरत होता. "रस्त्याकडे. मी तसं केलं नव्हतं." आणि माणूस असा हबकला, की मला भीती वाटली. आयुष्यभराचं एकच वाक्य होतं हो त्यांच्याकडे, झाडात लिहिलेलं, आणि ते वाचायच्या दिवशी उलटं निघालं. "चल, घरी जाऊ," म्हणाले. "लोकांनी बघायला नको." मी त्यांचा दंड धरला. मला काही कळत नव्हतं. झाड तेच, फांद्या त्याच, कालपर्यंत घराकडे जात होत्या त्या आज रस्त्याकडे कशा जातील? फणी आलेली नव्हती. यायची वेळ होऊन गेली होती.

"थांबा," मागून आवाज आला.

फणी होती. गाडीतून थेट आलेली, खांद्याला पिशवी. जरा जाड झाली होती, केस बारीक कापले होते. तिनं मला नमस्कार-चमत्कार काही केला नाही, बापालाही नाही. झाडाकडे बघत राहिली. डोकं एका बाजूला केलं, दुसऱ्या बाजूला केलं. मग हसायला आलं तिला, पण डोळ्यांत पाणी होतं.

"बाबा, तुम्ही याला आरशात वाढवलंय," ती म्हणाली.

हे तिच्या तोंडाकडे बघत होते आणि नेहमीसारखे मुके झाले होते. फणीनं पिशवीतून हातआरसा काढला. केस कापून झाले की गिऱ्हाइकाला मागची बाजू दाखवतात ना, तो. तिनं ह्यांच्या खांद्यांना धरून, गिऱ्हाइकाची मान फिरवतात तसं हळूच फिरवलं. झाडाकडे पाठ. आणि त्यांच्या मागे उभी राहून, खांद्यावरून हात पुढे काढून, आरसा त्यांच्या तोंडापुढे धरला.

"बघा आता."

मी बाजूला सरकून वाकून बघितलं. आरशात ह्यांची हनुवटी, त्यांच्या खांद्यामागे फणीचं तोंड, आणि त्याच्यामागे झाड. सगळ्या फांद्या उजव्या हाताला वाहत होत्या. घराकडे. दुपारी तीन वाजता असायच्या तशाच. माझ्या मनात आलं, त्या वाटेवरून येणारी इतकी वर्षं तोंड दाखवत नव्हती, ती ही आत्ता दाखवते आहे.

"मलाही अजून डावीकडे रस्ताच वाटतो," फणी म्हणाली. "तिथल्या सलूनला डावीकडे भिंत आहे. तरीसुद्धा."

ह्यांनी आरशात तिच्याकडे बघितलं. आणि बोलले. मी ऐकलं, म्हणून सांगते, नाहीतर मलाही खरं वाटलं नसतं.

"फणे, तू तेव्हा विचारलंस. इथं काम करू का म्हणून. मी बघू म्हणालो."

"हो."

"तू आरशाच्या आड उभी होतीस. मला काही दिसेना." थांबले. आरशातल्या झाडाकडे बघितलं. "आता बघितलं. दुकान तुझं आहे. तेव्हाही होतं. ये."

आरशातलं झाड हलायला लागलं, हलकं हलकं, खरंच वारा सुटल्यासारखं. ह्यांना वाटलं आपलाच हात थरथरतोय. त्यांनी खाली बघितलं. त्यांचे दोन्ही हात खिशात होते. आरसा तिच्या हातात हलत होता.

"इतकी वर्षं लागली बघायला?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, तुझ्या आईला हो म्हणायलाही ह्यांना तुझ्या मामाचे केस कापावे लागले होते." आणि मग मीच रडले, कुणीतरी रडायला हवंच होतं.

झाडाला बक्षीस वगैरे काही मिळालं नाही. परीक्षक बाई छान म्हणाल्या आणि पुढे गेल्या. आम्हाला तरी कुठं लक्ष होतं.

फणी नोकरी आवरायला जाऊन परत आली त्या सकाळी दुकान उघडलं ते तिनंच. झाड पुन्हा स्टुलावर, आरशासमोर. ह्यांची दाढी बरीच वाढली होती, स्वतःची स्वतः करता येत नव्हती आणि दुसऱ्याकडून करून घेणं मानाला पटत नव्हतं. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत ते कधी बसलेलेच नव्हते. गळ्याशी टॉवेल बांधला, फेस लावला. ते आरशात आधी स्वतःकडे, मग झाडाकडे, मग मागे उभ्या लेकीकडे बघत होते, एखाद्या अनोळखी गावात उतरल्यासारखे.

तेवढ्यात चपलावाले दारात आले. "मग, जागेचं काय ठरलं?"

ह्यांनी आरशातून उत्तर दिलं नाही. फेसाचं तोंड दाराकडे वळवलं, त्या माणसाच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि म्हणाले, "नाही. माफ करा." इतकं स्पष्ट "नाही" मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. माणूस हसून गेला.

फणीनं त्यांची मान पुन्हा सरळ केली आणि वस्तरा उघडला.

"कापणार नाहीस ना?" हे म्हणाले.

"बघू," ती म्हणाली.

ह्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली.